एका कोयत्याचे दोन पट

शिरूर कासारच्या पट्ट्यात सोयरीक जुळवताना शेती विचारतात, घर विचारतात, आणि आडून आडून हेही विचारतात की मुलगी मोळी उचलायला धडधाकट आहे ना. कारण ऊसतोडीला एकटा माणूस उपयोगाचा नाही. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायच्या. दोघं मिळून एक कोयता. मुकादम टोळी मोजतो ती कोयत्यांवर. माणसं किती, हे कुणी विचारत नाही. विजयमाला लग्न होऊन आली आणि पहिल्याच हंगामात पंडितच्या कोयत्यातली अर्धी झाली. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. रीतच ती, रीतीवर कोण रुसतं?

तिची एक गोष्ट मात्र सासरी कुणाला ठाऊक नव्हती. धारूरच्या डोंगराकडेचे तिचे वडील हरिबा बुद्धिबळाचे नादी होते. दिवस कलला की मारुतीच्या पारावर पट मांडला जाई. लहानगी विजयमाला त्यांच्यासाठी चहा घेऊन जायची आणि कप परत न्यायचा म्हणून तिथंच रेंगाळायची. आई घरून करवादायची, "चहा पितोय का हीर उपसतोय तुझा बाप?" पारावर खेळणारे दोघं आणि बोलणारे छप्पन्न. कुणीही म्हणावं "हत्ती काढ की", कुणीही म्हणावं "गेला तुझा उंट". तिथं चाल सगळ्यांची असे. हरिबा तर अडले की हळूच लेकीकडे बघत, आणि लेक डोळ्यांनी घर दाखवी.

पंडितलाही खेळ येत होता. येत होता म्हणजे काय, पंडितचा वजीर म्हणजे जत्रेतलं पोर. एकदा हात सोडला की हरवलंच.

यंदा टोळी लांब न जाता केजकडच्या फडात पडली. गाड्या कारखान्यावर अडकल्या की दुपारी पाचटाच्या कोपीत जरा निवांतपणा मिळे, आणि पंडित फोनवर बुद्धिबळ खेळत बसे. तिथंच एका परदेशी गड्यानं त्याला आपल्या संघात ओढलं. जगभरच्या संघांची स्पर्धा होती ती. संघात सहा जण, सहा मुलखांतले. दर आठवड्याला समोरच्या संघातल्या एकेकाशी एकेक सावकाश डाव, आणि सगळ्यांच्या गुणांवर संघाचा निकाल. या संघाचं नाव 'पेंगणारे घोडे'. कप्तान मार्ता, पोलंडातल्या कुठल्याशा खेड्यात पाव भाजणारी बाई. बोलणं लिहून व्हायचं आणि फोनच त्याचं मराठी करून द्यायचा. तहसीलच्या नोटिशीसारखं मराठी, पण समजायचं.

पहिल्याच डावात पंडितनं वजीर उचलला तशी भाकरी थापणारी विजयमाला म्हणाली, "अवं, थांबा. त्यो उंट तिथं टपून बसलाय, बघा की."

पंडितनं बघितलं, चाल बदलली आणि डाव जिंकला. त्यानंतर वजिराला हात लावण्याआधी तो तिच्याकडे बघू लागला. पुढं पुढं तर तिचं पिठानं भरलेलं बोटच फोनवर फिरू लागलं. बघता बघता घोड्यांची पेंग उडाली आणि संघ वरच्या गटात जायच्या उंबऱ्यावर येऊन ठेपला. विजयमालाच्या डोक्यावर मोळी आणि डोक्यात घोडा, असे दिवस चालले होते. पारावरून उठल्यानंतर इतकी सुखात ती कधीच नव्हती.

एका जिंकलेल्या डावानंतर मार्तानं सगळ्या संघासमोर विचारलं, "पंडित, तुमची सुरुवात अविचारी असते आणि शेवट फार शहाणा. हे कसे?"

लपवण्यासारखं काही आहे हे पंडितच्या गावीही नव्हतं. त्यानं मिशीला पीळ देत लिहून टाकलं, "शेवट बायकोचा असतो. आमी दोघं मिळून एक हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मार्ताचा निरोप आला. डाव ज्याचा त्यानं एकट्यानं खेळायचा असतो. दुसऱ्याला विचारणं म्हणजे फसवणूक. हे किती डावांत झालं, ते कळवा. खाली चिलीतला एक गडी तडकला होता: "आता सगळे आपल्याला लबाड म्हणतील."

पंडितचा चेहरा पडला. "म्हंजे आपुन चोर ठरलो? मी हे ॲपच काढून टाकतो. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ तुमीच उघडली," विजयमाला म्हणाली. "आता झाकायची काय ऱ्हायली? पयल्या डावापासून समदं सांगा. पारावर कसं खेळत्यात ते सांगा. कोयता म्हंजे काय, तेबी सांगा."

बोलली खरी धीटपणे, पण खरं नुकसान तिचंच होतं. पंडितचं काय, तो उद्या पत्त्यांत रमला असता. तिच्यापुढचा पट मात्र कायमचा उठणार होता. बाईमाणसानं पारावर बसायचं नाही, आणि फोन गेला की दुसरी जागा नाही. पंडित लिहीत होता, ती सांगत होती. पहिल्या चाली कुणाच्या, नंतरच्या कुणाच्या, काही राखून ठेवलं नाही. आणि मग दोघं ऊस तोडायला गेले, कारण गाडी आली होती.

निकाल यायला आठवडा गेला. मोळी बांधताना तिची गाठ चुकू लागली, तव्यावर भाकरी करपू लागली. शेवटी स्पर्धा चालवणाऱ्यांनी पंडितचे सगळे गुण काढून घेतले आणि त्याला स्पर्धेच्या उरलेल्या हंगामापुरतं बाहेर बसवलं. संघ गडगडत खाली गेला. विजयमालानं पटकन डोळ्यांना पदर लावला.

पण त्याखाली मार्तानं वेगळं लिहिलं होतं. "मी रागावले होते. मग कोयत्याबद्दल वाचले, आणि पुन्हा वाचले. आमच्या दुकानाच्या पाटीवर माझ्या नवऱ्याचे नाव आहे. पाव मी भाजते. पुढच्या हंगामात पंडित यांनी एकट्याने खेळावे. आणि शेवट ज्यांचा असतो, त्यांनी स्वतःच्या नावाने. मी चालकांना विचारले आहे, त्यांची हरकत नाही." चिलीच्या गड्यानंही कुरकुरत होकार दिला होता: "चालेल. पण एकाचा डाव असताना दुसऱ्याने घराबाहेर बसावे."

विजयमालानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "लई उपकार झाले बघा त्या मार्ताबाईचे," ती म्हणाली. "आपल्यापायी तिचा संघ बुडाला, आन् तिनं मलाच जागा दिली. माझं तोंडबी तिनं पाह्यलं न्हाई." पंडितनं ते जसंच्या तसं लिहून पाठवलं. फोननं त्याचं पोलिश काय केलं देव जाणे, पण मार्तानं उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र धाडलं.

ऊसतोडीचा हंगाम सरला, टोळी फुटली, दोघं शिरूरकडं घरी आले. पंडितनं तिचं खातं उघडून दिलं. सरावाचे डाव ती एकटी खेळली. तेवढा वेळ पंडित इमानदारीत बाहेर लिंबाखाली बसला. स्पर्धेच्या नव्या हंगामात घोड्यांच्या यादीत एक नाव पंडितचं लागलं आणि एक नुसतं विजयमालाचं.

त्याच सकाळी तिच्या पहिल्या प्रतिस्पर्ध्याचा निरोप आला. मलेशियातले कुणी आजोबा होते. "नमस्कार विजयमाला. आपला डाव ठरवू या. तुम्हाला कोणती वेळ सोयीची आहे?"

तिनं तो निरोप पंडितकडून परत वाचून घेतला. गाडी आली की उठायचं, मुकादमानं हाक मारली की निघायचं. वेळ कायम समोरून येई आणि तिनं हजर व्हायचं. सोयीची वेळ कोणती, हे तिला आजवर बापानं, सासऱ्यानं, नवऱ्यानं, कुणी म्हणजे कुणी विचारलं नव्हतं.

"दुपारचं सांग की," पंडित म्हणाला. "भाकरी-भांडी उरकल्यावर. आपली नेहमीचीच येळ हाय ती."

"न्हाई," विजयमाला म्हणाली. "सकाळचं लिहा. डोकं ताजं असतं तवा."

"आन् भाकरी?"

तिनं नुसतं फोनकडे बोट दाखवलं. पंडितनं सकाळ लिहून निरोप पाठवला. मग उठून आत गेला आणि पिठाचा डबा कुठं असतो, ते विचारू लागला.