मोठीबाई वेशीबाहेर बसली

मोठीबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी साकोलीत दुकानाचं शटर वर करत होतो. फोन एकोडीहून, तिच्या शेजारच्या इंदूचा. सकाळी चहा घेऊन गेली तर बाई खाटेवर तशीच पडलेली... मी लगेच भाच्याला फोन लावला, इटलीला. तो म्हणाला, तुम्ही उरकून घ्या मामा, मी तेरवीले येतो. उरकून घ्या! आणि मीही "बरं" म्हटलं. आयुष्यभर त्याला मी एवढंच म्हणत आलो.

मोठीबाई माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला तिनंच लहानाचं मोठं केलं. लग्न करून एकोडीला गेली, पोरगा चालायला लागायच्या आत नवरा वारला. शेताच्या चिखलात दिवसदिवस वाकून तिनं धानाचे रोवणे, म्हणजे भाताच्या लावण्या केल्या आणि प्रफुल्लला इंजिनीअर केलं. आमच्या भागात मामा भाच्याच्या पाया पडतो. पुण्याकडच्या लोकांना याचं नवल वाटतं, पण आमच्यात बहिणीचं लेकरू म्हणजे देवच. पाळण्यातल्या प्रफुल्लच्या पाया पडलो, दहावी झाला तेव्हा पडलो, परदेशी निघाला तेव्हा तर विमानतळावर चारचौघांत पडलो. ज्याच्या पायावर डोकं ठेवायचं त्याचा कान कधी पिळायचा? तो पिळायचा राहूनच गेला. माझा भित्रेपणा मी रीतीच्या नावावर खपवतोय असं कोणी म्हणेल. म्हणा, खुशाल म्हणा.

दोन वर्षांपूर्वी त्यानं आम्हा दोघांना इटलीला नेलं. बाईला एकटीला विमानात कसं बसवायचं, म्हणून सोबत मी. त्याच्या घराच्या खिडकीतून समोरच एक टेकडी दिसायची आणि टेकडीच्या माथ्यावर एक इवलंसं गाव. चारी बाजूंनी दगडी तटबंदी, आत जायला एकच वेस, घरं एकमेकांना खेटून. कैकशे वर्षांचं जुनं आहे, असं सूनबाई म्हणाली. बाईचा जीव त्या गावावर जडला. तिथं कोण राहते, पाणी कुठून आणते, धान कुठं पिकवते... दिवसभर तिचं तेच. दुकानं नकोत, मोठमोठी शहरं नकोत, तेवढं गाव दाखव म्हणायची. प्रफुल्ल म्हणायचा, शनिवारी. असे दोन शनिवार गेले.

परतायच्या आदल्या दिवशी एकदाचं नेलं. गाडी खालीच ठेवावी लागली. वेशीपर्यंतचा फरसबंदी चढ बाई माझ्या खांद्याला धरून चढली. धाप लागली होती, पण चेहरा असा उजळलेला की काय सांगू. वेशीतून आत पाहिलं तर पुढं पायऱ्याच पायऱ्या. प्रफुल्लनं घड्याळ पाहिलं. संध्याकाळी त्यांना कुणाकडे तरी जेवायला जायचं होतं. आई, तू इथंच बाकावर बस, म्हणाला.

"हळूहळू चढीन मी," बाई म्हणाली.

प्रफुल्लनं माझ्याकडे पाहिलं. "मामा, तुम्ही सांगा तिले. उशीर होऊन राहिला."

आणि मी सांगितलं. "बस ना बाई इथंच. आत काय, दगडंच असतील."

माझं ती नेहमी ऐकायची. बसली. प्रफुल्लनं वेशीसमोर तिचा फोटो काढला आणि तो, सूनबाई नि मी आत गेलो, ते दीड तासानं परतलो. बाई उन्हात तशीच बसलेली. आत काय होतं, असं तिनं विचारलं. काही नाही, दगडंच, म्हटलं. धडधडीत खोटं बोललो.

एकोडीला परतलो तर बाई जणू काशीहूनच आली, अशा गल्लीतल्या बायका तिच्या पाया पडायला आल्या. बाईनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले, तरी त्यांनी सोडलं नाही. मग तिनं त्यांना ते गाव सांगितलं. पोरानं हाताला धरून गल्ली न् गल्ली दाखवली, आत अशी मोठी बोडी आहे, काठाला बायका धुणं धुतात, अंगणात धान वाळत घातलेलं... टेकडीच्या माथ्यावर तलाव! बायका माना डोलवत होत्या. मी खाली मान घालून चहा पीत होतो. त्या गेल्यावर बाई म्हणाली, "पोराचं नाव कायले खराब करू, भाऊ?"

तेव्हा तरी खरं सांगायचं होतं. पण आतलं सांगितलं असतं तर तिला बाहेर का बसवलं, तेही सांगावं लागलं असतं. सांगू कधीतरी, म्हणत राहिलो... दोन वर्षं गेली आणि बाईही गेली.

तेरवीला प्रफुल्लनं वेशीसमोरचा तो फोटो मोठा करून आणला होता. हार घातला. आईला इटलीतलं सगळं गाव फिरवलं, असं सांगत होता आणि लोक म्हणत होते, पोरगा असावा तर असा. तो माझ्याकडे वळला, "मामा होतेच ना सोबत." मी म्हटलं, हो, सगळं पाहिलं तिनं. दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून तो निघाला. रीतीप्रमाणे मी त्याच्या पाया पडलो. राग त्याचा येतो, त्याहून माझा स्वतःचा येतो.

इटलीहून आल्यापासून बाईला एक सवय लागली होती. दारात कोणीही येवो, भाजीवाली असो की पोस्टमन, ओट्यावर बसू द्यायची नाही. बाहेर नोको बसू, आत ये, म्हणून हाताला धरून आत न्यायची. मागच्या आठवड्यात एकोडीला गेलो. कुलूप पाहून ओट्यावरच बसलो. मग बंद दाराकडे तोंड करून तिला सांगून टाकलं. की बाई, आत एक चौक होता, चौकात विहीर होती. तुझ्याच वयाची एक म्हातारी दारात शेंगा सोलत बसली होती. भाषा कळेना, तरी तिनं आम्हाला हात धरून घरात नेलं, खुर्ची दिली, गार पाणी दिलं. सोबत कोणी आहे का, असं खुणेनं विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं.