दुसऱ्या दिवसाचं ‘चांगलं’

देवानं माझं ऐकायचं सोडलंय, असं मला वाटायला लागलं होतं. ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि मुलुंडच्या हॉस्पिटलातले डॉक्टर रोज एकच सांगायचे, आत्ताच काही सांगता येत नाही. कुलदेवीला नवस बोलून झाला, सोमवार धरले. कोणीतरी नुसतं ‘होईल सगळं चांगलं’ म्हणावं, एवढंच मला हवं होतं. कोणी म्हणेना.

त्यातच एक काम अंगावर घेतलेलं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या रिबेकामावशी बेने इस्राएली, म्हणजे इथल्याच यहुदी. घरात बोलणं मराठी, प्रार्थना हिब्रूत. त्यांच्या प्रार्थनालयातल्या बायकांसाठी जगाच्या उत्पत्तीचा अध्याय सोप्या मराठीत हवा होता. मावशी एकेक ओळ वाचून अर्थ सांगायच्या, मी लिहायचे. भाषांतरं करण्यात माझा जन्म गेला, पण सूर्याआधी उजेड काय, सकाळच्या आधी संध्याकाळ काय, सगळं डोक्यावरून जात होतं. देव सहा दिवसांत जग घडवतो; रोज काम करतो, बघतो आणि चांगलं झालं म्हणतो. दुसऱ्या दिवशी त्यानं आकाश करून वरचं पाणी नि खालचं पाणी वेगळं केलं, आणि तिथे ते वाक्यच नाही. मावशींची ओळ सुटली असेल, म्हणून मी आपलं घालून टाकलं.

मावशी डबा घेऊन हॉस्पिटलात आल्या, तेव्हा बाकावर बसून त्यांनी ते कागद वाचले.

“हे कुठून आणलंस गं?”

“राहिलं होतं ना, मावशी.”

“राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी देव चांगलं म्हणतच नाही. आमच्याकडे सांगतात, पाण्याचं काम अर्धवट होतं. तिसऱ्या दिवशी जमीन वर आली, तेव्हा दोनदा म्हणाला.”

मला रागच आला. “मग दुसऱ्या दिवशी माणसानं करायचं काय?”

“मला काय माहीत? माणूस आला सहाव्या दिवशी.”

मला हसू आलं, आणि मग रडू आवरेना. हा दिलासा होता की थट्टा, काही कळेना. मी ते वाक्य खोडलं.

संध्याकाळी ह्यांनी अडखळत विचारलं, “मी चालेन ना परत?” रोज मी लगेच “हो तर, धावाल” म्हणायचे आणि ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. त्या दिवशी ‘हो’ ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं.

“माहीत नाही हो,” मी म्हटलं. “डॉक्टरांनाही माहीत नाही. मी आहे इथे.”

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं नाही. मग डाव्या हातानं माझा हात धरून, झटका आल्यापासून पहिल्यांदाच, माझ्यासमोर रडले. रडता रडता शांत झोपले.

ते अजून चालत नाहीत. चालतील की नाही, देव जाणे. त्या संध्याकाळी मी हात जोडले ते कुलदेवीला की मावशींच्या देवाला, हेही मला उमगलेलं नाही. ज्यानं कोणी माझ्या तोंडातलं ते ‘हो’ अडवलं, त्याचे उपकार. त्यानं मला माझा नवरा परत दिला.