लुंबूची सुईण

आधी शोभाकाकूंचं नाव लिहिते. हिंगणीला मावशीच्या घराला लागूनच त्यांचं किराणा दुकान आहे. मावशीच्या शेवटच्या आजारपणात दुकान सुनेवर टाकून त्याच तिच्या उशाशी बसल्या, तोंडात पाणी त्यांनीच घातलं आणि मला फोनही त्यांनीच केला. "मीरा, बाई, मावशी गेली. घाबरी होऊ नको, सावकाश येजो," एवढंच म्हणाल्या. मी तेव्हा अंधेरीच्या स्टुडिओत काचेआड उभी होते. कानावर हेडफोन, आणि समोरच्या पडद्यावर तीन डोळ्यांचं, शेवाळी रंगाचं लुंबू तोंड उघडून थांबलेलं... माझ्या आवाजासाठी.

बेबीमावशी आमच्या भागातली सुईण. आई लहानपणीच गेली, तेव्हा मला तिनंच वाढवलं. नववीत शाळा सुटली आणि मी मुंबईला एका बाईंचं मूल सांभाळायला आले. त्या कार्टूनना आवाज द्यायच्या. त्यांच्या बाळाच्या रडण्याची मी केलेली नक्कल ऐकून त्यांनी एक दिवस मला माइकसमोर उभं केलं. तेव्हापासून मी मांजरं, गर्दी, रडणारी पोरं असं सगळं करत आले. त्यांचे उपकार आहेतच. पण आजही स्टुडिओचं दार ढकलताना वाटतं, आज कोणीतरी विचारेल, तुमचं शिक्षण किती?

मावशीची एक रीत होती. बाळ बाहेर आलं की ती फक्त "आलं" म्हणायची. बाळंतीण विचारायची, "मावशी, काय आहे?" मावशी म्हणायची, "लेकरू आहे. मस्त रडून राह्यलं." दाराबाहेरून सासू ओरडायची, "बेबे, सांग ना वो, पेढा का बर्फी?" आतून उत्तर यायचं, "आधी चहा मांड." वार पडून बाई मोकळी होईपर्यंत मुलगा की मुलगी हे ती कोणालाच सांगत नसे. फार पूर्वी एका बाळंतिणीनं 'पोरगी' हा शब्द ऐकला, सासूचं तोंड पाहिलं आणि तिचं अंगच आखडलं. वार आत अडकली. ती बाई कशीबशी वाचली, पण मावशीनं तेव्हापासून ही रीत सोडली नाही. तेवढा वेळ ते नुसतं लेकरू असायचं, कोणाच्याही आशेचं किंवा निराशेचं नसलेलं.

गेल्या वर्षी लुंबूची ही कार्टून मालिका मराठीत करायला आली आणि लुंबूचा आवाज माझ्याकडे आला. लुंबूच्या ग्रहावर बाई-पुरुष असं काही नाहीच. मूळ मालिकेत ते कुठं सांगावंही लागत नाही. आपल्याकडे मात्र 'आलो' की 'आले' हे ठरल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. दिग्दर्शकांनी सगळ्यांना विचारलं, काय करायचं? मी घरी येऊन मावशीला लुंबूचं चित्र पाठवलं आणि फोन केला.

"कोणाचं व्हय हे?" तिनं विचारलं.

"परग्रहावरचं आहे."

"खात्यापित्या घरचं दिसते."

"मावशी, ह्याले पोट्टा म्हणू का पोट्टी?"

"त्यानं सांगतलं काय तुले?"

"नाई."

"मंग तू काऊन घाई करून राह्यली? आलं म्हण. त्यालेही म्हणू दे, मी आलं, मी जेवलं."

दुसऱ्या दिवशी मी ते स्टुडिओत सांगितलं, अगदी बारीक आवाजात. दिग्दर्शक वाईट माणूस नाहीत. ते हसले, पण हिणवून नाही. "मी आलं, असं कोण बोलतं गं? लोक म्हणतील, ह्यांना मराठी येत नाही. आणि तुझं..." ते थांबले. पुढचं वाक्य मी मनातच पूर्ण केलं. "बरोबर आहे, सर," मी म्हणाले आणि माइकसमोर जाऊन बोलले, "मी आलो." लुंबू 'तो' झाला.

संध्याकाळी मावशीचा फोन. "काय झालं मंग?" हा प्रश्न तिला आयुष्यभर लोक विचारत आले, आणि तिनं कधी घाईनं उत्तर दिलं नाही, की खोटंही दिलं नाही. मी दोन्ही केलं. म्हणाले, "तू म्हणाली तसंच केलं." तिनं ते गल्लीभर सांगितलं... माह्या पोरीनं माहं ऐकलं. मालिका सुरू व्हायची वाट ती अडलेल्या बाईजवळ बसावं तशी बघत राहिली. सुरू झाली तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. 'आलो' तिच्या कानावर पडेल म्हणून मी फोन करायचं टाळू लागले. कामाची सबब सांगायचे.

तेराव्याला घर भरलं होतं. अर्ध्या बाया मावशीच्या हातच्या, उरलेल्यांची पोरं तिच्या हातची. मला पाहून शोभाकाकूंची चार वर्षांची नात पिहू ओरडली, "लुंबू आलं, लुंबू आलं!" मी दचकले. मालिकेत तर तसं कुठंच नाही. काकूंनी मला मागच्या खोलीत नेलं. मावशीच्या खाटेशेजारच्या फळीवर स्टीलचा गिलास होता.

"तुही मालिका लावून फोन ह्यात उभा ठेवो, आवाज मोठा व्हावा म्हणून," काकू म्हणाल्या. "तरी बेबीबाईले समजे नाई. मंग मी एकेक वाक्य तिच्या कानात सांगो. पह्यल्या दिवशी मले 'आलो' ऐकू आलं. मी तिच्या तोंडाकडे पाह्यलं... अन् सांगतलं, 'आलं' म्हणते वो, बेबीबाई."

"आणि मग रोज?"

"मंग काय? रोजच बदलून सांगा लागे. बाजूले बसून ही पिहू तेच शिकली. तुह्या त्या लुंबूपायी माहा घसा बसला, बाई."

"मला एका शब्दानं बोलला नाहीत, काकू."

"काय बोलू? तुहं पोट हाये त्याच्यावर. अन् म्हातारी हासे ना."

मी मान वर करू शकले नाही. जे काम माझं म्हणून पडद्यावर नाव येतं, ते त्या खोलीत शोभाकाकूंनी केलं होतं. माइक नाही, काच नाही, शेजारी मरणाला टेकलेलं माणूस. मी एका माणसाच्या अर्धवट वाक्याला घाबरले. काकूंनी माझं खोटं मावशीसाठी खरं करून दिलं, आणि त्याबद्दल मला चहाही त्यांनीच पाजला.

परत आल्यावर मी दिग्दर्शकांना हे सगळं सांगितलं आणि लुंबूला 'मी आलं' म्हणू द्या, असं पुन्हा म्हटलं. या वेळी "बरोबर आहे, सर" म्हटलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बघू, पुढच्या भागांच्या वेळी बोलू." मला काम राहील की जाईल, माहीत नाही. धाकधूक आहेच. तो गिलास मी मागून आणलाय. रात्री फोन त्यातच ठेवते. गजर वाजला की खोलीभर घुमतो आणि मला वाटतं, बाहेर कोणीतरी विचारतंय, काय झालं?

शोभाकाकू, पुढच्या भागांत नाही जमलं तर त्याच्या पुढच्या भागांत, या स्टुडिओत नाही तर दुसऱ्यात, पण कधीतरी लुंबू माझ्या तोंडून "मी आलं" म्हणेल. त्या दिवशी मी हिंगणीला येईन आणि तुमच्या शेजारी बसून ऐकेन. तुम्हाला एकही वाक्य बदलून सांगावं लागणार नाही.