सातव्या माळेचा कापूर

मी जावेच्या तळहातावर जळता कापूर ठेवला आणि तिचं मनगट दोन्ही हातांनी दाबून धरलं. नवरात्रातली सातवी माळ होती. देवघरात आरती चालू होती. टाळ, घंटा, शेजारपाजारच्या वीसेक बायका, आणि मधोमध पाटावर केस सोडून ती घुमत होती. तिच्या अंगात देवी यायची. आली की तिच्या हातावर कापूर ठेवायचा आणि तिने तो जळता तोंडात टाकून विझवायचा, अशी आमच्याकडे रीत होती. सासूबाई हरभऱ्याएवढा खडा घ्यायच्या आणि आधी तळहाताला ओलं कुंकू फासायच्या. त्या दिवशी त्यांच्या हातात आरतीचं ताट होतं, म्हणून मला म्हणाल्या, "थोरले, कापूर दे देवीला."

मी कुंकू फासलं नाही. खडा सुपारीएवढा निवडला. देवी असेल तर तिला काय होणार आहे, आणि नसेल तर चारचौघींत कळेल, असं माझ्या मनात होतं. नसावी, असंही होतं.

ती घुमायची थांबली. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "ताई, सोडा."

देवी मला ताई म्हणाली नसती. टाळांच्या आवाजात ते मला एकटीलाच ऐकू आलं. मी सोडलं नाही. कापूर पूर्ण जळेपर्यंत धरून ठेवलं. ती ओरडली नाही. ओठ आत घेऊन बसून राहिली. आरती संपली तेव्हा बायका एकमेकींना सांगत होत्या, "केवढा कापूर घेतला बघ देवीनं. हूं का चूं नाय." आणि एकेक करून तिच्या पाया पडल्या. मी करायला गेले एक आणि तिचा मान आणखी वाढला.

हे नव्वदनंतरचं. आमचा मळा मखमलाबादच्या वाटेवर. झेंडू, शेवंती, थोडी मेथी-कोथिंबीर. मी चौथी शिकलेली, लग्न होऊन आले ती थेट फुलांच्या वाफ्यात. पहाटे तोडणी, उजाडता पाट्या भरून फुलबाजाराला रवाना, दुपारी उरलेल्या फुलांच्या माळा. माझ्यासारखी घट्ट माळ आमच्या भावकीत कुणाला येत नव्हती. ते कुणी बोलून दाखवलं नाही. धाकटी आली ती दहावी झालेली, गोरी, हात मऊ. दीर अंबडला कंपनीत होता, तेव्हा तिला मळ्यात फार राबावं लागणार नाही असंच सगळे धरून चालले होते. पण सासूबाईंनी तिलाही दोन ओळी तोडायला लावल्या. त्या बाबतीत त्या न्यायी होत्या. कुणालाच बसू देत नसत.

मग एका नवरात्रात धाकटीच्या अंगात आलं. सासूबाईंनी तिच्या पायावर डोकं ठेवलं. माझ्या लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, तोवर 'जरा बस' हे शब्द मी त्या तोंडून ऐकले नव्हते. आता धाकटीला पाट मांडून मिळायला लागला. पुढे दर मंगळवारी आणि शुक्रवारी बायका यायला लागल्या. कुणाचं मूल चालत नाही, कुणाचा नवरा पितो. येताना खण-नारळ आणायच्या. त्या दोन दिवशी धाकटीला तोडणी माफ. "देवीचं अंग आहे, दवात भिजवायचं नाही," सासूबाई म्हणायच्या. तिच्या दोन ओळी मी तोडायचे.

शेजारची एक बाई मला म्हणाली, "तुझ्या जावेच्या पायाशी घटकाभर बसलं ना, की लय बरं वाटतं."

मी म्हटलं, "घटकाभर बसायला मिळालं की कुणालाही बरं वाटतं."

हे सगळं मी गिळलं असतं. आमच्या मालकांचं गिळता आलं नाही. विहीर खोल करायची होती, तेव्हा ते तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि हात जोडून म्हणाले, "आई, पाणी लागेल का?" धाकट्या भावजयीला आई म्हणाले. मला इतक्या वर्षांत 'ए' आणि 'ऐकलं का' याच्यापलीकडे हाक नव्हती. ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "लागंल." आणि लागलं. पाणी लागलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. आमच्याच विहिरीचं.

आता माझं सांगते. नऊ दिवस उपास मी करायचे, पायात चप्पल न घालता. घटाखालची माती मी आणायचे, त्यात धान मी पेरायचे, घटावर रोज चढवायची माळ मी करायचे. दरवर्षी वणीच्या गडाच्या पायऱ्या चढायचे. माझ्याकडे देवी कधी फिरकली नाही. एकदा भर दुपारी गोठ्यात कुणी नाही बघून मी केस सोडले आणि घुमून बघितलं. चक्कर आली. गाय माझ्याकडे बघत होती. मी केस बांधून शेण भरायला घेतलं.

म्हणून सातव्या माळेला मी तो खडा उचलला.

दुसऱ्या दिवशी तिचा तळहात सुजून वर आला. सासूबाईंनी त्यावर अंगारा लावला आणि फडकं बांधलं. दवाखान्याचं नाव कुणी काढेना. मीच म्हटलं, "मलम तरी आणावं का?"

"देवीचं अंग भाजत नसतं," सासूबाई म्हणाल्या. "दवाखान्यात नेलं तर लोक काय म्हणतील, देवी खोटी?"

धाकटी खाली मान घालून बसली होती. तिनेही ते खोडलं नाही. एका शब्दात तिला सांगता आलं असतं की ताईने हात धरला. ती बोलली नाही आणि मीही नाही.

पुढे नववी माळ झाली, दसरा आला. दसऱ्याला झेंडूवाल्यांच्या घरात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. तोडणी माझ्यावर, माळा माझ्यावर. धाकटीला ताप भरला होता, ती आतल्या खोलीत गोधडी घेऊन पडली होती. आणि माझ्या मनात काय यावं, तर बघा, ही पुन्हा पडून आहे. तापाने फणफणलेल्या बाईचा मला हेवा वाटत होता. मी हे लपवत नाही.

दुपारी पाणी द्यायला आत गेले तर खोलीत वास येत होता. मी फडकं सोडलं. तळहात पांढरा-पिवळा झाला होता, कडेने लाल.

"ताई, बोटं हलत नाहीत," ती म्हणाली.

एवढंच. दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडले असते आणि मला सोपं गेलं असतं.

मी अंगणात आले. मालक, दीर, सासूबाई, सगळे माळांच्या ढिगात होते. मी उभ्याउभ्या सांगितलं, "त्या दिवशी कापूर मी मुद्दाम मोठा ठेवला. कुंकू लावलं नाही. तिचा हात धरून ठेवला. हात सडतोय, दवाखान्यात न्या."

मालकांनी हातातली माळ माझ्या अंगावर फेकली. दीर स्कूटर काढायला गेला. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "तू कोण करणार? देवीनंच तुझ्या हातून करवलं."

मी केलेलं वाईटसुद्धा त्यांनी धाकटीच्या देवीला देऊन टाकलं.

स्कूटरवर पुढे दीर, मध्ये ती, मागे तिला धरून मी. पंचवटीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशानं भाजलं?"

"कढईतलं तेल सांडलं," ती म्हणाली. डोळ्याची पापणी हलली नाही. मला तर खरं सांगायलाही इतके दिवस लागले होते, आणि हिला माझ्यासाठी खोटं बोलायला क्षणही लागला नाही. तिथे बाकड्यावर बसून मला त्याचाही हेवा वाटला.

हात वाचला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट वाकडं राहिलं. उजवा हात, त्यामुळे सुई धरता येईना. ती पुन्हा कधी पाटावर बसली नाही. बायकांनी दोन-चार मंगळवार वाट बघितली आणि दुसरीकडे जायला लागल्या. माळा सगळ्या माझ्याकडे आल्या आणि तिला बाजारात बसवलं. तर तिथेही तीच. गिऱ्हाईक तिचा हात बघून विचारायचं, मागच्या गल्लीतली एखादी बाई सांगायची, "देवीनं कापूर घेतलेला हात आहे." मग घटासाठी माळ घ्यायची तर तिच्याच हातून. माळ मी ओवलेली. कुंभमेळ्याच्या वर्षी ती दिवसभर घाटाजवळ बसायची आणि संध्याकाळी घरी येऊन साधू कसे होते, हत्ती केवढा होता ते सांगायची. मी तेवढ्या दिवसांत झेंडूशिवाय काही बघितलं नाही.

सासूबाई गेल्यावर एकदा नवरात्राच्या आधी आम्ही दोघी फुलं निवडत होतो. मी विचारलं, "खरं सांग, येत होती का तुझ्या अंगात?"

ती फुलं निवडतच राहिली. "पहिल्या वर्षी आली. शपथ घेऊन सांगते. पुढं कधी यायची, कधी नाय. पण बायका येऊन बसलेल्या. आणि सासूबाई दुसऱ्या कशाला बसू देत होत्या का?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला सोंग वाटत होतं, तर तोंडानं सांगायचं होतं."

"सोंग वाटत असतं तर हेवा कशाला केला असता?" मी म्हटलं. "मला वाटायचं, ती खरंच येते. आणि तुझ्याकडेच येते."

 तिने वाकड्या बोटांनी माझ्याकडे पाटी ढकलली. "मागायचा ना पाट. एखादा मंगळवार दिला असता तुम्हाला."

"आता काय उपयोग. ओव, तेवढी माळ ओव."

"कशानं ओवू?" असं म्हणून ती हसायला लागली. मला हसू आलं नाही. मी सुई घेतली.

पुढे मळ्याच्या दोन बाजूंना इमारती आल्या. मालक गेले. दीर कंपनीतून सुटला आणि दोन वर्षांत तोही गेला. त्या सातव्या माळेला घरातली जी माणसं देवघरात होती, त्यांच्यातल्या आता दोघी आहोत. ती आणि मी.