सोमवार भरलेला, मंगळवार रिकामा

लतिकाबाई गभणेले स्वस्त वस्तूची भारी शिसारी. साडी घेतली तं धरमपेठेतली, डॉक्टर पाहिला तं रामदासपेठेतला, अन् गोळी खाल्ली तं अशी का तिच्या डब्बीवर सोनेरी पट्टी पाहिजेच. मानेवाड्याच्या बगिच्यात सकाळी फिरायले येणाऱ्या बाकीच्या बाया गुडघ्याचं सांगत, सुनेचं सांगत. लतिकाबाई पर्समधून डब्बी काढे अन् म्हणे, "आमचे डॉक्टर हेच लिहितात. साधं लिहीतच नाहीत." जसं काही शुगरची गोळी नाही, नवीन घडवलेल्या पाटल्याच दाखवून राहिली.

आता खरं काय होतं, ते फक्त तिले अन् तिच्या देवघरातल्या अन्नपूर्णेले माहीत. ती सोनेरी पट्टीवाली गोळी लतिकाबाई एक दिवसाआड खाये. नवरा मारोतराव खाजगी कारखान्यातून रिटायर झालेले, पेन्शन म्हणजे कुंकवाच्या करंड्यात मावंल एवढी. त्यायच्या बीपीच्या गोळ्या ती नेमानं देये, त्याच्यात कसूर नाही. मंग काटकसर कुठं करायची? तं आपल्याच गोळीत. पुण्याच्या पोराले सांगावं तं सुनेच्या कानावर जाते. गल्लीत सांगावं तं त्याच्यापेक्षा मेलेलं बरं. पायाले मुंग्या येत, डोळ्यापुढे जाळं येये, टीव्हीवर खालून धावणारी पट्टी वाचता येत नव्हती. ती मारोतरावले म्हणे, टीव्ही बदला, जुना झाला.

अन् समोरच्या घरात राहे भागीरथा.

भागीरथा उमरेडकडची. नवरा नत्थू अजून गावची शेती पाहायले जाये-येये. ही बाई बगिच्यात स्लीपर घालून येये, अंगात स्वेटर नत्थूचा. तिच्याजवळ जळण्यासारखं काही असंन, असं कोणाले वाटलं नसतं. पण जळणाऱ्याले काडी पुरते. लतिकाबाईच्या कुंडीतला कढीपत्ता वाळून राहिला होता अन् भागीरथाचा गच्चीपर्यंत चढला होता. लतिकाबाईची सून सणावारी फोन करे, अन् भागीरथाची सून सुरुची रोज संध्याकाळी, तेही स्पीकरवर. आवाज गल्ली ओलांडून येये तेव्हा लतिकाबाई खिडकी लावून घेये, अन् मंग फटीतून ऐके.

डिसेंबरात हनुमान मंदिरात शुगर तपासायचं शिबिर लागलं. मशीनवाली पोरगी आकडा मोठ्यानं सांगे अन् दुसरी लिहून घेये. भागीरथाचा आला एकशे एकोणीस. लतिकाबाईचा दोनशे त्रेचाळीस. सगळी रांग ऐकून राहिली होती. लतिकाबाई म्हणे मशीन खराब आहे, दुसरं बोट टोचा. दुसरं टोचलं तं आला दोनशे सत्तेचाळीस.

त्या दिवसापासून तिच्या पोटात असं दुखायले लागलं का त्याले कोणत्याच डब्बीत गोळी नव्हती. रामदासपेठेचा डॉक्टर माझा, सोनेरी पट्टी माझी, अन् शुगर या स्लीपरवालीची उतरते? नक्की काही तरी काढा पिऊन राहिली अन् सांगत नाही. तिनं गोड गोड बोलून विचारूनही पाहिलं. भागीरथा म्हणे, काही नाही जी, गोळी अन् चालणं. लतिकाबाईले वाटलं, पक्की लबाड आहे.

जानेवारीत लतिकाबाई हळदीकुंकवाचं वाण आणायले इतवारीत निघाली, तं बसमध्ये तीन सीट समोर भागीरथा. मांडीवर कापडी पिशवी. मेडिकल चौकात भागीरथा उतरली अन् लतिकाबाईचे पायही आपोआप उतरले. तोंडाले स्कार्फ बांधून ती मागं मागं गेली. काढ्यावाल्या बाबाचं घर आता दिसन, मंग दिसन. दिसलं ते जनऔषधीचं दुकान. भागीरथानं डॉक्टरची चिठ्ठी देली, गोळ्यायचे पत्ते घेतले, एकेका पत्त्यावरचं नाव चिठ्ठीशी ताडून पाहिलं, तारीख पाहिली, बिल मागून घेतलं अन् चालती झाली.

लतिकाबाईले एवढा आनंद झाला का विचारू नका. म्हणजे ही स्वस्तातल्या सरकारी गोळ्या खाते. तिनं इतवारीत वाणाच्या स्टीलच्या डब्ब्या घेतल्या खऱ्या, पण मन सगळं एकाच गोष्टीवर होतं. भागीरथाच्या घरी शुक्रवारी हळदीकुंकू होतं. तिथं सगळ्या बायायच्या समोर बोलायचं.

शुक्रवारी भागीरथाचं घर भरलं. सांबारवडी झाली, तिळगूळ झाला. मंग भागीरथानं वाण लुटायले सुरुवात केली. प्लास्टिकची लांबुळकी डब्बी, सात खण, प्रत्येक खणावर तिच्याच अक्षरात वार लिहिलेला. सोमवार, मंगळवार, बुधवार. बाया हसल्या. म्हाताऱ्या बायजाबाईनं विचारलं का याच्यात मोहरी ठेवायची का जिरं.

लतिकाबाईले हीच वेळ बरी वाटली. "याच्यात गोळ्या ठेवायच्या, बायजाबाई. सरकारी दुकानातल्या. भागीरथा तेच खाते, मी माह्या डोळ्यानं पाहिलं मेडिकल चौकात."

भागीरथानं कुंकवाचा करंडा खाली ठेवला. "हौ ना ताई. तेच सांगाले तं बलावलं सगळ्यायले."

लतिकाबाईचा बाण असा मधातच गळून पडला. अन् भागीरथा सांगत सुटली. डब्बीवरचं मोठं नाव कंपनीचं असते अन् खाली बारीक अक्षरात दव्याचं खरं नाव असते. डॉक्टरले म्हणायचं, ते खरं नाव लिहून द्या. दुकानात तेच नाव अन् तेवढाच पॉवर पाहून घ्यायचं, आपल्या मनानं गोळी बदलायची नाही. बिल घेतल्याशिवाय निघायचं नाही. कोणी छापील किमतीच्या वर घेतलं तं बिल लावून तक्रारीचा अर्ज करायचा. तिनं एकदा केलाही होता, अन् दुकानदार पैसे परत द्यायले घरी आला होता. तिच्या महिन्याच्या गोळ्या आधी अठराशेच्या येत, आता चारशेच्या.

बाया तिच्याभोवती अशा गोळा झाल्या जसं नवीन सुनेचं तोंड पाहायचं आहे. लतिकाबाई कोपऱ्यात पाहून राहिली होती अन् तिच्या आंगाची लाही होऊन राहिली होती. तिनं आपल्या घरच्या हळदीकुंकवात स्टीलच्या डब्ब्या देल्या तेव्हा दोन मिनिट कोणी बसलं नव्हतं.

भागीरथा म्हणे, ज्याच्या त्याच्या गोळ्या आणा, एक आठवडा आत्ताच भरून पाहू. लतिकाबाईले कुठं मागं राहायचं होतं? तिनं पर्समधून सोनेरी पट्टीची डब्बी काढली अन् सगळ्यायले दिसंल अशी धरली. आमचे डॉक्टर कसे मोठ्या मोठ्या लोकायले पाहतात, हे बायजाबाईले सांगता सांगता हात आपल्या सवयीनं खण भरून राहिला. सोमवारी एक. बुधवारी एक. शुक्रवारी एक. रविवारी एक. मधातले तीन खण मोकळे. तोंड रामदासपेठेत होतं, हातानं घरातलं सगळं सांगून टाकलं.

भागीरथानं पाहिलं. अजून कोणी पाहाच्या आधी तिनं डब्बीचं झाकण तळहातानं दाबून लावलं अन् म्हणे, "ताई, चहा थंडा होऊन राहिला."

दुसऱ्या दिवशी दुपारी मारोतराव झोपले असताना भागीरथा आली. हातात कढीपत्त्याची डहाळी. ओट्यावर बसली अन् हळूच म्हणे, "मंगळवारी गोळीचा उपास धरता का ताई?"

लतिकाबाईले तोंडावर दार लावावंसं वाटलं. म्हणे, "तुले काय करायचं वं? माह्या डॉक्टरनंच सांगितलं असंन."

"डॉक्टरनं नाही सांगितलं. मीही केलं हे. माह्या नाही, ह्यायच्या गोळीले. बीपीची गोळी चाकूनं अर्धी करून देयो, महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरे. एक दिवस वावरातून आले तं तोंड वाकडं. बोलता येईना." भागीरथा डहाळीचं एकेक पान खुडून राहिली होती. "मंग बरे झाले, देवाची कृपा. पण त्या दिवसापासून मले विचारायची लाज नाही वाटत. डॉक्टरले नाही, दुकानदारले नाही. तुमाले वाटते का?"

लतिकाबाईनं ओट्यावरची खुडलेली पानं वाटीत गोळा केली. तिले पहिल्यांदा कळलं का आपण कशावर जळून राहिलो होतो. ना कढीपत्त्यावर, ना एकशे एकोणीसवर. या बाईले विचारता येते अन् आपल्याले येत नाही, यावर. अन् कळल्यावर तं ती अजूनच जळली.

"अन् डोळ्याचं कसं हाये?" भागीरथानं विचारलं.

"टीव्ही जुना झाला," लतिकाबाई म्हणे, अन् पदरानं डोळे पुसायले लागली.

सोमवारी दोघी रामदासपेठेत गेल्या. भागीरथाले बाहेर बसवलं, कारण डॉक्टरसमोर तिच्यामुळे बोलायले शिकलो असं दिसायले नको. आत गेल्यावर लतिकाबाईनं एक दिवसाआडचं सांगितलं तं डॉक्टरनं चष्मा काढला अन् चांगलं सुनावलं. अर्ध्या औषधावर पूर्ण शुगर कशी उतरन म्हणे, अन् मी तं डोस वाढवायचा विचार करून राहिलो होतो. डोळे तपासायले पाठवलं. मंग तिनं ते वाक्य म्हटलं, जे बसमध्ये दहादा म्हणून पाहिलं होतं: खरं नाव लिहून द्या. डॉक्टरनं कागद ओढला, मोठ्या अक्षरात लिहून देलं, अन् म्हणे का आधी सांगितलं असतं तं आधीच देलं असतं. एवढंच. यासाठी तिनं दोन वर्षं मंगळवार, गुरुवार अन् शनिवार उपाशी काढले होते.

होळीच्या आधी मंदिरात परत शिबिर लागलं. लतिकाबाईचा आकडा आला एकशे एकतीस. बायजाबाईनं टाळी वाजवली. भागीरथाच्या डोळ्यात पाणी आलं. मंग भागीरथाचा आला एकशे चोवीस.

लतिकाबाईनं त्या सातच्या फरकाचा विचार घरी जाईपर्यंत केला. सकाळी ती अर्धा तास आधी बगिच्यात हजर, अन् पर्समधून डब्बी काढली. सातही खण भरलेले. प्रत्येक बाईजवळ थांबून तिनं सांगितलं का आपल्या गोळ्या महिन्याले तीनशे साठमध्ये येतात. भागीरथाले चाळीस रुपये जास्त पडतात, बिचारीले.