उंदीर झिंगले तेव्हा

आमच्या प्रयोगशाळेत मावशींना सगळे मागून 'नाकाडी' म्हणायचे, आणि त्यांना ते ठाऊक होतं. पदाने त्या परिचर, म्हणजे बाटल्या धुणाऱ्या. तीस वर्षं धुतल्या. तेवढ्या काळात चार विभागप्रमुख आले आणि गेले, आणि जाताना प्रत्येकाने बजावलं, "मावशी, जरा तोंड सांभाळा." त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

मी तिथे पदवीच्या शेवटच्या कामासाठी होते. रानात उगवणाऱ्या कडू भोपळ्याचा अर्क दुखण्यावर चालतो का, हे बघायचं होतं. भोपळ्याच्या फोडी सावलीत वाळवायच्या, कुटायच्या, सात दिवस स्पिरिटमध्ये भिजवून गाळायच्या, आणि मग वाटी गरम पाण्यावर ठेवून सगळं स्पिरिट उडवायचं. तळाशी काळपट, चिकट अर्क उरतो. तो उंदरांना द्यायचा, त्यांना गरम पत्र्यावर ठेवायचं आणि चटका लागून पाय किती सेकंदांनी उचलतात ते मोजायचं.

अर्क घेतलेले उंदीर साध्या उंदरांपेक्षा सहा सेकंद जास्त थांबले. माझे मार्गदर्शक सर हरखून गेले. पंधरा दिवसांनी बाहेरचे परीक्षक येणार होते आणि याच आकड्यांवर मला पदवी मिळणार होती. मी आईला फोन करून कळवूनही टाकलं.

मावशी पिंजरे साफ करत होत्या. एका उंदराला त्यांनी तळहातावर घेतलं, तर तो एका कुशीवर कलंडला. मग त्यांनी अर्काची वाटी नाकाशी धरली.

"पोरी, याचं दुखणं गेलेलं नाही. हा झिंगलाय."

"काहीतरीच काय, मावशी."

"वाटीचं वजन दोनदा तेच आलं होतं का?"

आलं नव्हतं. सगळं स्पिरिट उडालं की वजन घटायचं थांबतं, ते बघायला दोनदा तोलायचं असतं; घाईत मी एकदाच तोललं आणि वाटी उतरवली. अर्कात स्पिरिट राहून गेलं होतं. खरं सांगायचं तर त्या वेळी मला राग आला तो मावशींचाच.

सरांनी ऐकूनच घेतलं नाही. "मावशी, तुम्ही बाटल्या धुवा."

"त्याच धुते, म्हणून तर वास कळतो," मावशी म्हणाल्या. "आणि सर, दारू पाजून तिला औषध म्हणायचं असेल, तर माझा नवरा वीस वर्षं औषधच घेत होता."

सर सोडून सगळी खोली हसली. दुसऱ्या दिवशी मावशींची रवानगी तळघरातल्या कोठारात झाली. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. त्यांचा मुलगा म्हणाला, सरांची माफी माग आणि विषय संपव. त्यांनी त्याला विचारलं, माफी कशाबद्दल?

जेवणाच्या सुट्टीत त्या गुडघ्यांवर हात टेकत दोन जिने चढून यायच्या आणि माझ्या टेबलापाशी उभ्या राहायच्या. "पाच उंदरांना नुसतं स्पिरिट दे. वाटीत राहिलं असेल तेवढंच, पाण्यात घालून. मी खोटी ठरले तर तोंडावर सांग."

तिसऱ्या दिवशी मी दिलं. नुसत्या स्पिरिटवरचे उंदीरही साडेपाच सेकंद जास्त थांबले.

सर म्हणाले, "ती नोंदींची वही कपाटात ठेव." मी ठेवली नाही. परीक्षकांपुढे दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि पहिला आकडा धरू नका असं सांगितलं.

"हे कुणाच्या लक्षात आलं?" परीक्षकांनी विचारलं.

"आमच्या विभागाच्या," सर म्हणाले.

"मावशींच्या," मी म्हणाले. "त्या आता तळघरात असतात."

पदवी सहा महिने लांबली. सर माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले. मावशींना कुणी वर बोलावलं नाही आणि त्यांनीही कुणाच्या विनवण्या केल्या नाहीत. नवा अर्क मात्र त्या रोज सुट्टीत येऊन स्वतः तोलायच्या, वजन हलेनासं होईपर्यंत. या वेळी उंदीर ताठ चालले. पत्र्यावर जास्त थांबले, पण थोडेच.

मी आकडा सांगायला तळघरात गेले. मावशी खोकी रचत होत्या.

"दोनच सेकंद आले," मी म्हणाले.

"दोन तर दोन," मावशी म्हणाल्या. "पण भोपळ्याचे आहेत."