भादव्याचं ढेकूळ

घागरीखालचं ढेकूळ मी भिजवलं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं स्वतःची बाजू सजवायला मला वाव राहणार नाही. मी पन्नाशी उलटलेला माणूस, शाळेत भूगोल शिकवतो. त्या दुपारी मी जे केलं ते माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं केलं असतं, तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

आमच्याकडं अक्षय्य तृतीयेला आखिती म्हणतात. वैशाखातला हा दिवस पितरांचा. मातीची नवी घागर भरायची, तिच्यावर खरबूज आणि आंबा ठेवायचा, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य दाखवायचा. पितरांनी चाखल्याशिवाय घरात कुणी आंबा तोंडाला लावत नाही. घागरीखाली शेतातली चार ढेकळं मांडतात आणि त्यांना पावसाच्या महिन्यांची नावं देतात: जेठ, आखाड, श्रावण, भादवा. नवी घागर पाझरते. ज्या महिन्याचं ढेकूळ जास्त ओलं होईल, त्या महिन्यात पाऊस जास्त.

दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, ट्रंकेत निजामाच्या काळातले जमिनीचे कागद आहेत. त्यांवर महसुलाचं फसली साल आहे, आणि खुर्दाद, तीर असले महिने. आई ते कागद उन्हात घालताना म्हणायची, "कागदावर सरकारचे महिने, घागरीखाली आपले." आई गेल्यावर घागर थोरल्या वहिनीकडं आली. आखितीच्या संध्याकाळी गल्लीतल्या बायका ढेकळं बघायला येतात आणि वहिनी सांगेल ते ऐकून बरीच घरं पेरणीचं ठरवतात. एरवी वर्षभर शेतीतलं वहिनीला कुणी काही विचारत नाही, दादासुद्धा नाही. त्या एका संध्याकाळी विचारतात.

मागच्या वर्षी आखितीला मी सकाळीच वडीगोद्रीच्या फाट्यावर उतरलो आणि तिथून जीपनं गावी पोचलो. वहिनी दारातच होत्या.

"या भावजी. खरं सांगा, आंबा खाऊन आलात ना?"

मी नकळत ओठ पुसले.

"बघा, तोंडच सांगतंय. तुमच्या शहरातले पितर लई जल्दी जेवत्यात."

जेवताना मी शहाणपणा केला. मोबाईल काढून दादाला पावसाचा अंदाज दाखवला. यंदा पाऊस चांगला, असं त्यात होतं.

"कोणत्या महिन्यात?" वहिनींनी पोळी वाढता वाढता विचारलं.

"तसं महिन्यावार सांगता येत नाही, वहिनी."

"मंग काय कामाचा? आमच्या घागरीला चार्जिंग लागत न्हाई, तरी महिना सांगते ती."

दादा ठसका लागेपर्यंत हसला. मीही हसलो, पण ते मला लागलं. वर्षानुवर्षं मान्सूनचे वारे फळ्यावर काढणाऱ्या माणसाला लागावं तसं.

दुपारी सगळे आडवे झाले होते. मी पाणी प्यायला उठलो. घागरीखाली वाकून पाहिलं तर जेठ ओला, आखाड ओला, श्रावण दमट आणि भादवा ठणठणीत कोरडा. तांब्यात निम्मं पाणी उरलं होतं. ते मी भादव्यावर ओतलं. संध्याकाळी वहिनी ढेकळं वाचतील, मग मी सगळ्यांसमोर खरं सांगेन आणि या वेळी लोक त्यांना हसतील, असा माझा बेत होता.

संध्याकाळी आठ-दहा बायका आल्या. वहिनींनी घागर उचलून बाजूला ठेवली. बोटाची मागची बाजू एकेका ढेकळाला लावत त्या भादव्यापाशी आल्या आणि थांबल्या.

"अगं बाई, भादवा तर चिंब हाय! मूग टाकू नका गं यंदा. ऐन तोडणीत पाऊस येतोय. शेंगा झाडावरच कोंब धरतील."

बायकांनी माना डोलावल्या. वहिनी माझ्याकडं वळल्या. "काय मास्तर, मोबाईल काय म्हणून राह्यला?"

बोलायची वेळ हीच होती. मी म्हणालो, "काही नाही." त्यांचा हिरमोड नको म्हणून गप्प बसलो, असं मी पुढं कित्येक दिवस स्वतःला सांगत राहिलो. ते खोटं होतं. एवढ्या बायकांसमोर हा पोरकटपणा आपला आहे हे कबूल करायची मला भीती वाटली.

मृगात दादाचा फोन आला. "मूग न्हाई टाकला. तुझी वहिनी बिलकुल ऐकत न्हाई." तेव्हाही मी सांगू शकलो असतो. मी शाळा सुरू होण्याचं काहीतरी बोललो.

भादवा कोरडा गेला. गौरी आल्या, जेवल्या, गेल्या, तरी अंगणातली रांगोळी पुसली नाही. मुगाचं सोनं झालं असतं असा महिना. गल्लीत मूग होता तो फक्त आत्याबाईंच्या रानात. दोन घरं सोडून राहणाऱ्या या ऐंशीच्या म्हातारीला कमी ऐकू येतं, त्यामुळं वहिनींचं भाकीत तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. "घागरीपेक्षा आत्याबाईचे कान बरे," असं गल्ली महिनाभर म्हणत होती. वहिनी दरवर्षी दिवाळीला आम्हाला मूग पाठवतात. त्या दिवाळीला पिशवीत नुसता चिवडा आला.

यंदाच्या आखितीला मी गेलो तर घागर रिकाम्या चुंबळीवर बसवलेली. खाली काही नाही.

"वहिनी, ढेकळं?"

"ती म्हणत्यात आमचं वय झालं. यंदा तुमच्या मोबाईललाच इचारा." एवढं बोलून त्या आत गेल्या. आंबा खाल्ला का, हे त्यांनी या वेळी विचारलंच नाही.

मी शेतात जाऊन चार ढेकळं निवडून आणली. घागर उचलून ढेकळं तिच्याखाली मांडली आणि दिवसभर तिथून हललो नाही. तांब्याला हात लावला नाही. संध्याकाळी बायका प्रसादाला आल्या. आत्याबाईही आल्या, काठी टेकत. सगळ्या बसल्यावर मी उभा राहिलो.

"वहिनी, मागच्या वर्षी भादव्याचं ढेकूळ मी भिजवलं होतं. तांब्यानं. घागरीनं कोरडंच सांगितलं होतं."

वहिनी माझ्याकडं बघत होत्या.

"वर्षभर खिचडी कशाची खाल्ली?"

"दुकानातल्या मुगाची."

"कशी लागली?"

"गिळवत नव्हती."

"बराबर हाय." त्यांनी पदर खोचला आणि घागरीखाली वाकून बघितलं. ढेकळं नीट मांडलेली होती. एक त्यांनी तरीही सरळ केलं.

"काय म्हणतोय गं मास्तर?" आत्याबाईंनी कानामागं हात धरला.

"मोठ्यानं सांगा भावजी," वहिनी म्हणाल्या. "जिचा मूग पिकला तिला तरी कळू द्या."

मी पुन्हा सांगितलं. आत्याबाईंनी मान हलवली, न्हाई.

"असाच आवाज काढता का वर्गात?" वहिनींनी विचारलं. "पोरं झोपत असतील."

बायका आता उघड हसत होत्या, आणि वहिनीही. मी छाती भरून श्वास घेतला आणि चौकातल्या चहाच्या टपरीपर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो, "आत्याबाई, ढेकूळ मी भिजवलं! वहिनींची घागर खरी होती! माझं चुकलं, वहिनी, मला माफ करा!"